एका होलपुरती बॅग

लग्नाच्या मांडवात नव्याने ओळख झालेलं माणूस मला हमखास आपला गुडघा दाखवतं. कुणी खांदा पुढे करतं, कुणी मान वळवून "इथे बघा, इथे कटकन वाजतं" म्हणतं. अक्षता पडायच्या आधी माझ्याकडून निदान चार सांधे तपासून झालेले असतात. पंगतीत बसलेल्या दंतवैद्याला कुणी आ करून दाखवत नाही, मग आम्हीच लोकांचं काय घोडं मारलंय कुणास ठाऊक. पण खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मागच्या वर्षी घाटकोपरच्या दवाखान्याचं शटर कायमचं ओढलं, तेव्हापासून जरा जास्तच आवडायला लागलंय.

मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द माझ्या आईला शेवटपर्यंत नीट उच्चारता आला नाही. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे, वडील गिरणीत. आई शेजारणींना सांगायची, आमची सुलू हाडांच्या डॉक्टरांकडे व्यायाम शिकवते. शेजारणी ते ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन पाठ चोळून घ्यायला यायच्या. मी चिडायचे. आई म्हणायची, चोळ गं, एवढी शिकलीस ती कशाला.

तर धंदा थोडक्यात असा. हाड मोडलं की सर्जन ते जोडतो, सळई घालतो, प्लेट बसवतो आणि घरी पाठवताना सांगतो, आता चाला. आणि माणूस चालत नाही. हाड जुळलेलं असतं, पण तोवर स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा आखडलेला असतो आणि भीती मनात पथारी टाकून बसलेली असते. या तिघांशी भांडायचं काम आमचं. त्यात जादू काही नाही. तोच तो कंटाळवाणा व्यायाम रोज न कुरकुरता करून घ्यायचा. कुरकुर करायची ती पेशंटने, आणि ती तो भरपूर करतो.

माझी एक पद्धत होती. पहिल्या दिवशी पेशंटला विचारायचं, बरं झाल्यावर पहिलं काय करणार? "बरं वाटलं म्हणजे झालं" हे उत्तर मी घेत नसे. नेमकं काहीतरी सांगा, मग त्या दिशेने कामाला लागू. आमच्या गल्लीतल्या जसुबेनचा खांदा जाम झाला होता, हात कानाच्या वर जाईना. त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या की स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर काजू-बदामाचे डबे आहेत. सुनेचा हात पोचू नये म्हणून त्यांनीच ते तिथे चढवलेले. आता स्वतःचाही पोचेना, आणि सुनेला काढून दे म्हणायची सोय नाही. मग काय, आमचा सगळा व्यायाम त्या फळीच्या रोखाने. ज्या दिवशी डबा हाताला लागला त्या दिवशी त्यांनी मला मूठभर बदाम आणून दिले, आणि सुनेला सांगू नका म्हणाल्या.

मुलुंडचे एक निवृत्त साहेब होते, ते रोज वेळेवर यायचे, पंख्याखालची खुर्ची पकडायचे आणि महापालिकेच्या कारभारावर बोलायचे. घरी व्यायाम केलात का विचारलं की म्हणायचे, मनातल्या मनात केला. त्यांचा गुडघा शेवटपर्यंत मनातल्या मनातच वाकला.

सगळंच असं हसण्यावारी नेता येत नाही. इमारतींना रंग देणारा एक तरुण परांचीवरून पडला होता. घोटा छान सुधारत होता. गावी जाऊन येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. पुढे एकदा पंतनगरच्या सिग्नलला दिसला, पाय बाहेर फेकत चालत होता. मला ओळखून हसला, आणि मी हाक मारायच्या आत माझी रिक्षा सुटली. तो पाय सरळ करता आला असता. ते मला अजून सलतं.

पण आज सांगायचंय ते भिकाजी परबांबद्दल.

भिकाजी परब म्हणजे एके काळचा गोल्फमधला देशाचा चॅम्पियन. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. क्रिकेटचा बारावा खेळाडूही आपल्याला तोंडपाठ असतो. गोल्फ म्हणजे श्रीमंतांच्या गोट्या, एवढीच आपली समजूत. चेंबूरला त्यांच्या सोसायटीत लोक त्यांना "ते दांडक्याने बॉल मारणारे परब" म्हणून ओळखायचे. लहानपणी ते घराजवळच्या गोल्फच्या मैदानावर कॅडी होते. कॅडी म्हणजे खेळणाऱ्या साहेबाची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणारा माणूस. बॉल मारायच्या काठ्यांना क्लब म्हणतात. अशा डझनभर क्लबांनी भरलेली बॅग मैदानभर वागवायची, बॉल कुठे पडला ते बघायचं, वारा सांगायचा. दर सोमवारी मैदान मेंबरांसाठी बंद असायचं, तेव्हा कॅडींना खेळायची मुभा. त्या सोमवारांवर शिकून हा माणूस देशात पहिला आला.

मी पाहिलं तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून चालले होते, रस्त्यावरच्या चरात चाक गेलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. भाच्याला खरचटलं. ह्यांचा डावा खुबा मोडला आणि मांडीचं हाडही. ऑपरेशन उत्तम झालं होतं. एक्सरे बघून मी मनातल्या मनात सर्जनला हात जोडले. वॉकर टेकत ते दवाखान्यात आले तेव्हा मागे मुलगी मेघा होती, हातात फायली, पाण्याची बाटली आणि कपाळावर आठ्या. मेघा बँकेत नोकरीला. आई गेल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघायची.

मी सवयीने "या साहेब" म्हटलं. ते दारातच थांबले.

"बाई, मला साहेब म्हणू नका. साहेबांच्या बॅगा उचलल्यात मी."

मग मी त्यांना भाऊ म्हणायला लागले. गाव विचारलं, तर मालवणच्या पलीकडचं निघालं. तिथून आमचं जमलं.

पहिल्या दिवशीचा प्रश्न विचारला. मेघाने परस्पर उत्तर दिलं की बाबांना परत खेळायचंय, निदान एक शॉट. कॅडींची एक स्पर्धा असते, तिचा पहिला बॉल दर वर्षी बाबाच मारतात, फोटो निघतात, तेवढं झालं की बस. मी म्हटलं, भाऊ, खुबा तुमचा मोडलाय, उत्तर तुम्हीच द्या.

"मला बॉल मारायचा नाही," ते म्हणाले. "मला जनूची बॅग उचलायचीय. एका होलपुरती."

मग जे कळलं ते असं. भाऊ चॅम्पियन होऊन आले तेव्हा कॅडींनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवायचं ठरवलं. भाऊ म्हणाले, मी खांद्यावर बसणार नाही, मी खांद्यावर घेणार. त्या सोमवारी कॅडींच्या आपसातल्या स्पर्धेत जो सगळ्यात शेवटी आला होता, त्याची बॅग त्यांनी उचलली आणि एका होलपुरते, म्हणजे बॉल मारायच्या जागेपासून तो खळग्यात पडेपर्यंत, त्याचे कॅडी झाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. पण भाऊंनी पुढच्या वर्षीही तेच केलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. आदल्या वर्षी जो शेवटचा, त्याची बॅग चॅम्पियनने वाहायची, ही त्या मैदानावरची रीतच होऊन बसली. कप कुठल्या कपाटात आहेत ते भाऊंना आठवत नव्हतं. बॅगा कुणाकुणाच्या उचलल्या ते सगळं आठवत होतं.

आणि गेल्या स्पर्धेत शेवटचा आला होता जनू. जनू म्हणजे जनार्दन, भाऊंच्या बरोबरीचा कॅडी. भाऊ देशात पहिले आले त्या दिवशी त्यांची बॅग वाहणारा तोच. तो कधीच शेवटचा येणाऱ्यातला नव्हता. आता डोळ्यांत मोतीबिंदू, बॉल दोन दिसायचे, त्यातला खोटा मारला असणार. जन्मभर ज्याने माझी बॅग उचलली त्याची उचलायची एकदाच वेळ आली, आणि नेमकी माझ्या पायाची वाट लागली, असं भाऊ म्हणाले. मेघाने माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणा अशा अर्थाने. मी म्हटलं, बघू, आधी वॉकर तर सुटू दे.

इथे थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. डाव्या पायावर उभं राहिलं की उजवीकडची कंबर खाली पडायला बघते. ती पडू नये म्हणून डाव्या खुब्याबाहेरचा स्नायू तिला ओढून धरतो. तोच स्नायू भाऊंचा कमजोर झाला होता. म्हणून काठी धरायची ती चांगल्या बाजूच्या, उजव्या हातात. दहातले नऊ पेशंट ती दुखऱ्या बाजूला धरतात. आणि वजन उचलायचंच असेल तर ते दुखऱ्या बाजूला. हे ऐकून लोक मला वेड्यात काढतात. पण भरलेली बादली उजव्या हातात घेऊन डाव्या पायावर उभं राहून बघा. मग तीच बादली डाव्या हातात घ्या. फरक लगेच कळेल, मला फोन करावा लागणार नाही.

म्हणजे भाऊंनी बॅग डाव्या खांद्यावर घ्यायला हवी होती. आणि भाऊंचा खांदा उजवा. लहानपणापासून उजवा. तिथे पट्ट्याने घट्टा पडलेला, हात लावला तर चपलेच्या तळव्यासारखा लागायचा. आता पाठीवर घ्यायच्या दोन पट्ट्यांच्या बॅगा मिळतात, पण जनूची जुनी, एका पट्ट्याची. मी डावा खांदा म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, बाई, डाव्या हाताने जेवायला सांगताय तुम्ही. मी म्हटलं, उजवा हात प्लास्टरमध्ये असला की माणूस जेवतो ना डाव्याने. तेव्हा हो म्हणाले. त्या "हो"वर मी विश्वास ठेवायला नको होता.

पेशंट म्हणून माणूस सोन्यासारखा. सांगितलं तेवढं करायचा, वर आणखी करू का विचारायचा. अडचण एकच, दमलो असं कधी म्हणायचा नाही. दोन लोखंडी दांड्यांच्या मधून फेऱ्या घालताना घामाने निथळायचा, ओठ पांढरे पडायचे, आणि दमलात का विचारलं की "छे". एकदा मी वैतागून म्हटलं, भाऊ, कबूल करायला काय जातं हो तुमचं? तेव्हा ते दांडीला टेकून हसले आणि त्यांनी मला कॅडींची एक युक्ती सांगितली.

गोल्फचे साहेब लोक कधी दमत नाहीत, ते म्हणाले. चढावर साहेब फासफूस करायला लागला, तरी कॅडीने "साहेब, बसा जरा" म्हणायचं नाही. साहेबाला ते लागतं, आणि पुढच्या खेपेला तो दुसरा कॅडी घेतो. मग करायचं काय, तर कॅडीनेच थांबायचं. बुटात खडा गेला म्हणायचं. खाली बसायचं, सावकाश नाडी सोडायची, बूट झटकायचा, आत हात घालून बघायचं, परत सावकाश बांधायचा. तोवर साहेबाचा दम खाऊन होतो. वर साहेब खूश, कारण थांबावं लागलं ते कॅडीमुळे. मी विचारलं, आणि खडा? भाऊ म्हणाले, खडा कसला, हिरवळीत कुठून येणार खडा.

ती युक्ती मी तेव्हाच उचलली. दमलो न म्हणणाऱ्या पेशंटसमोर मी माझ्या सँडलचा पट्टा काढून घालत बसायचे. मुलुंडच्या साहेबांना सोडून सगळ्यांना लागू पडली. ते मुळात उठतच नव्हते.

भाऊंचा वॉकर सुटला, काठी आली. खुब्याला जोर यायला लागला. मी पिशवीत तांदळाची पुडकी भरून डाव्या खांद्याला अडकवायचे आणि त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचे. दुकानदार विचारायचे, आज काय भाव. मजेत चाललं होतं. आणि एका सकाळी भाऊ आले ते पार मोडून. पाऊल टाकलं की कंबर कोसळायची, वेदनेने चेहरा काळवंडलेला. मेघा म्हणाली, बाथरूममध्ये पाय सरकला म्हणतात. भाऊ माझ्याकडे बघेनात.

मी त्यांना टेबलावर घेतलं, खांदे सैल सोडा म्हणून सदऱ्याची कॉलर खाली ओढली. उजव्या खांद्यावर, जुन्या घट्ट्याला लागून, पट्ट्याचा लालभडक वळ. मला काही विचारावंच लागलं नाही. आठवडाभर हे गृहस्थ सोसायटीच्या गच्चीवर जनूची भरलेली बॅग घेऊन चालत होते. जनूला खाली पाण्याच्या टाकीजवळ पहाऱ्याला बसवलेला. आणि बॅग उजव्या खांद्यावर.

"डाव्या खांद्यावर घेऊन गेलो तर कॅडी काय म्हणतील, बाई," ते म्हणाले. "नवशिकेसुद्धा घेत नाहीत तशी."

माझं डोकं सटकलं. मी त्यांना काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. मेघा तर रडायलाच लागली. तिने एक्सरे काढून आणला. प्लेट जागच्या जागी होती, हाड शाबूत होतं, स्नायू मात्र चांगलाच दुखावला होता. कमावलेलं बरंचसं गेलं. पुन्हा पलंग, पुन्हा वॉकर, आणि तिकडे कॅडींचा सोमवार जवळ येत चाललेला.

त्यानंतर मेघा एकटी आली. तिचं म्हणणं सरळ होतं. मैदानात खड्डे आहेत, उतार आहेत. एकदा पडले तर ज्या हाडात प्लेट आहे तेच हाड प्लेटच्या कडेला मोडणार, आणि या वयात दुसरं ऑपरेशन. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते खरं होतं. ती म्हणाली, मॅडम, माझं ते ऐकत नाहीत, तुम्ही नाही म्हणालात तर ऐकतील. मला एकच बाप आहे. मी तिला चहा दिला आणि विचार करते म्हटलं. मला खरोखर कळत नव्हतं काय करावं.

दोन दिवसांनी जनू आला. जाड चष्मा, पायात जुने बूट, टोपी हातात. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. त्याचं म्हणणं मेघाच्या उलट्या टोकाने तिथेच येत होतं. म्हणाला, डॉक्टरीणबाई, मी खेळतच नाही यंदा, म्हणजे बॅगेचा प्रश्नच मिटला; तुम्ही फक्त भिकाजीला सांगा की मला ताप आलाय. मी म्हटलं, तुम्हाला ताप नाहीये आणि मी पेशंटशी खोटं बोलत नाही. त्यावर त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, तो पडला ना बाई, तर लोक म्हणतील जनूची बॅग उचलताना पडला. मी ते घेऊन कसा जगू?

त्या दोघांनी मिळून मला कात्रीत धरलं होतं. नाही म्हणणं सगळ्यात सोपं होतं, आणि नाही म्हटल्याबद्दल फिजिओथेरपिस्टला कधी कुणी दोष देत नाही. पण इतकी वर्षं मी काय करत होते? माणसाला विचारायचं काय करायचंय आणि त्या दिशेने न्यायचं. जसुबेनला बदामाच्या डब्यापर्यंत नेलं आणि ह्या माणसाला सांगू की घरी बसून कपाटातले कप बघा? तो रंगारीही डोळ्यांपुढे आला, तो अर्ध्यावर सुटला होता. मला दुसरा अर्धवट नको होता.

मी भाऊंना सांगितलं, बॅग मिळेल. डावा खांदा, उजव्या हातात काठी, आणि बॅग हलकी. यातलं एक जरी मोडलंत तर मी स्वतः मेघाबरोबर बसून तुम्हाला घरात कोंडीन. डाव्या खांद्याला ते निमूट कबूल झाले, वळ अजून दुखत होता. हलक्या बॅगेला मात्र तयार होईनात. अर्धी बॅग म्हणजे अर्धा मान, म्हणाले. तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला जनू बोलला, की हल्ली मी तीनच क्लब घेऊन खेळतो, बाकीचे मला दिसतच नाहीत. तेव्हा भाऊ तीन क्लबांना कबूल झाले. मेघाला मी सांगितलं, माझी जबाबदारी. असं म्हणायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. आतून मी टरकलेली होते.

पुन्हा तांदळाची पुडकी, पुन्हा गल्ली. या वेळी मी त्यांना सपाट रस्त्यावर सोडलं नाही. पालिकेच्या बागेतल्या उंचवट्यावर चढवलं, उतरवलं, ओल्या गवतावर चालवलं. भाऊ शिव्या घालायचे, त्या मालवणीतल्या असल्यामुळे मला सगळ्या कळायच्या.

तो सोमवार थंडीतला होता. चेंबूरच्या हवेत धुकं किती आणि धूर किती ते कधीच कळत नाही, तसंच त्या सकाळीही होतं. मी जन्मात पहिल्यांदा गोल्फचं मैदान पाहिलं. एवढी हिरवळ आपल्या इतक्या जवळ होती आणि आपण बाहेरच्या रस्त्यावर रिक्षात बसून धूळ खात होतो, हे बघून मला रागच आला. कॅडी दोन्ही बाजूंना रांगेने उभे होते. मेघा माझ्या शेजारी, काखेत घडीची खुर्ची. बाबांना कुठेही बसावंसं वाटलं तर असावी म्हणून आणलेली.

भाऊंनी बॅग डाव्या खांद्यावर घेतली. कुणी हसलं नाही. जनूने बॉल मारला, तो जेमतेम पुढच्या झाडापर्यंत गेला. दोघं चालायला लागले. काठी, डावा पाय, उजवा पाय. कंबर थोडी पडत होती, पण सांभाळली जात होती. मी माझ्या नकळत त्यांच्याबरोबर पाऊल टाकत होते. चढ लागला तशी भाऊंची मान पुढे आली आणि ओठ पांढरे पडायला लागले. ते ओठ मी ओळखत होते. मी पुढे होणार इतक्यात जनू थांबला.

"थांब रे भिकाजी. बुटात खडो गेलो."

आणि तो तिथेच गवतात बसला. सावकाश नाडी सोडली, बूट काढला, उलटा करून झटकला, आत हात घालून चाचपलं, परत सावकाश बांधला. भाऊ काठीवर भार टाकून शेजारी उभे राहिले. श्वास खाली बसला. मग दोघं पुढे निघाले.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा खडा. खळग्याजवळच्या उतारावर पुन्हा. मेघा माझ्या कानाशी वैतागून पुटपुटली, काका बूट का बदलत नाहीत, बाबांना नुसतं ताटकळत उभं ठेवलंय. रांगेतले कॅडी मात्र सगळे जाणून होते. ते सगळे दुसरीकडे बघत होते, कुणी आकाशात, कुणी स्वतःच्या बुटांकडे.

बॉल खळग्यात जायला जनूला बराच वेळ लागला. तो बहुतेक दोन खळगे बघत होता. अखेर गेला. भाऊंनी खळग्याच्या खुणेचा झेंडा परत जागेवर लावला, बॅग अलगद खाली ठेवली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मेघाने डोळे पुसले आणि घडीची खुर्ची न उघडताच उचलली.

भाऊ नंतर कधी स्पर्धेत खेळले नाहीत. पाय थोडा लंगडत राहिला, तो राहणारच होता. त्यांच्यानंतर चॅम्पियन झालेली, कॅडींतूनच वर आलेली तरुण मुलं आता त्या सोमवारी येतात आणि शेवटच्याची बॅग उचलतात, उजव्या खांद्यावर. भाऊ खुर्चीत बसून त्यांना ओरडतात.

पण त्या दिवशीचं एवढं सांगून थांबते. कॅडींच्या शेडमध्ये चहा चालला होता. जनू चहा आणायला गेला होता. भाऊ माझ्याकडे झुकले.

"खडा नव्हता, बाई."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"तो नवीन लागला होता ना कामाला, तेव्हा मीच शिकवलं त्याला ते," भाऊ म्हणाले. डोळे भरलेले होते, पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. "त्याला वाटतंय मी विसरलो. सांगू नका त्याला."

जनू तीन ग्लास सांभाळत आला. आमच्या समोर बसला आणि पाय लांब करून उगाचच घोटा चोळायला लागला. म्हणाला, उद्या नवीन बूट घेतंय.

"घे रे मेल्या," भाऊ म्हणाले. "लय खडे जातत तुझ्या बुटात."